उसवणं वेगळं, फाटणं वेगळं

नमस्कार. ‘सीम’ म्हणजे शिवण, या इंग्रजी शब्दावरच्या माझ्या लेखावर तुमचे दोन आक्षेप आहेत. ‘कमिंग अपार्ट ॲट द सीम्स’साठी सरळ ‘फाटणे’ म्हणावं, ‘उसवणे’चा आग्रह म्हणजे नुसता शब्दांचा कीस, हा एक. आणि ‘सीमलेस’साठी मी सुचवलेलं ‘शिवणरहित’ कुणी वापरणार नाही, हा दुसरा.

दुसरा मान्य. मोजे बिनशिवणीचे असतात, व्यवहार नसतो. तिथे ‘विनाअडथळा’ किंवा ‘सलग’ बरं. दोन गोष्टींचा जोड कळूनच येत नसेल, तर ‘बेमालूम’. हा शब्द मला सुचायला हवा होता.

पहिला मात्र मान्य नाही. काखेत उसवलेला सदरा उलटा करून बघा. कापड शाबूत असतं. तुटलेला असतो तो टाक्यांचा दोरा, आणि सुईची भोकं ओळीने तशीच दिसत असतात. पुन्हा टीप मारली की काम झालं. फाटलेल्याला रफू लागतं, नाहीतर ठिगळ. इंग्रजी वाक्प्रचार नेमका या फरकावर उभा आहे. एखादी आघाडी किंवा संसार त्या अर्थाने मोडतो तेव्हा माणसं धड असतात, त्यांना जोडणारं सुटत जातं. ‘त्या दोघांचं फाटलं’ असं आपण म्हणतो हे खरं, पण तो एका झटक्याचा तंटा. उसवणं सावकाश चालतं. एक टाका गेला की शेजारचा ढिला पडतो.

‘बर्स्टिंग ॲट द सीम्स’मध्ये ताण आतून येतो. सभागृह ‘तुडुंब भरलं’ एवढं पुरे, तिथे शिवण ओढून आणू नये. कोळशाच्या ‘सीम’ला आपण थर म्हणतो, आणि चेंडूची सीम मराठीतही सीमच राहिली.

‘सीम’ आणि ‘स्यू’ (शिवणे) एकाच घरातले, आणि ‘स्यू’चं मूळ आपल्या ‘शिवणे’शी, संस्कृत ‘सीव्यति’शी जुळतं. त्यामुळे इथे ‘शिवण’ मला उपरी वाटत नाही.

एका जागी तर मराठी पुढे आहे. शिवणीबाहेर जे जास्तीचं कापड सोडतात त्याला इंग्रजीत ‘सीम अलाउन्स’ म्हणतात. घरगुती शिवणकामाच्या छापील पॅटर्नवर ते बहुधा ५/८ इंच असतं. आपण त्याला ‘माया’ म्हणतो. माया कमी सोडली की शिवण लवकर उसवते.