पाचवी नदी गुप्त आहे

रविवारी रात्री पावणेदहाला आमच्या घरात सगळं थंडावलेलं असतं. त्या रविवारीही तसंच होतं. जेवणं झालेली, भांडी पालथी पडलेली, बाहेर जुलैचा पाऊस धो धो कोसळतोय, आबा टीव्हीला कान लावून राजाराम बंधाऱ्याची पातळी ऐकतायत आणि मी सोफ्यावर असा पसरलेलो की, कुणी 'जरा सरका' म्हणालं असतं तरी भांडण झालं असतं. तेवढ्यात आमची चिऊ, वय आठ, इयत्ता तिसरी, दारात येऊन उभी राहिली. हातात शाळेची डायरी. चेहरा असा की, हातातनं काचेचं भांडं सुटलंय, पण फुटल्याचा आवाज अजून यायचाय.

"पप्पा, उद्या प्रोजेक्ट द्यायचाय. मी विसरलो."

(बाहेरगावच्या वाचकांसाठी : 'विसरलो' ही छपाईची चूक नाही. आमच्या कोल्हापुरात मुली 'मी येतो, मी जातो'च म्हणतात. पुण्याची मावशी दर दिवाळीला चिऊचं व्याकरण सुधारायला घेते आणि भाऊबीजेपर्यंत स्वतःच 'आलो, आलो' करत दार उघडायला धावते.)

डायरी घेतली. 'आपल्या जिल्ह्यातील नदी – प्रतिकृती. टाकाऊतून टिकाऊ. मुलांनी स्वतः करावी.' स्वतःच्या खाली दोन रेघा. तारीख बारा दिवसांपूर्वीची.

"बारा दिवस काय करत होतीस गं?"

"तुम्हीच म्हणालाय, रविवारी बघू."

म्हणालो होतो. कुठल्या रविवारी, ते मोघम ठेवलं होतं. मी आशेनं बायकोकडे बघितलं. ती चादरीची घडी घालत म्हणाली, "अहो, पाढे, शुद्धलेखन आणि डबा माझ्याकडे. प्रोजेक्ट तुमच्याकडे. आमचं ठरलंय." कोल्हापुरात 'आमचं ठरलंय' म्हटल्यावर पुढं चर्चा नसते.

तसा मी अडाणी नाही. केंद्र सरकारचं २०२० सालचं दप्तर धोरण मी वाचलंय. दुसरीपर्यंत गृहपाठ नाही, तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. ते बायकोला वाचूनही दाखवलं. ती म्हणाली, "ते पोरांचं झालं. बापांचे किती तास, ते लिहिलंय का?" मी पुन्हा शोधलं. नव्हतं.

शाळेशी जुळवून घेण्याची सवय आम्हाला थोरल्यापासूनची. तो २०१९ला दुसरीत होता. त्या वर्षी गणिताच्या पुस्तकात 'एकवीस' ऐवजी 'वीस एक' म्हणायची पद्धत आली आणि महाराष्ट्रभर गदारोळ झाला. आमच्या घरात मात्र आबांनी ती मनावर घेतली. नातवाला सराव म्हणून आठवडाभर मंडईत 'वीस पाचला पाव किलो देतीस का?' असं विचारत फिरले. भाजीवालीनं शेवटी माझ्या आईला गाठून हळूच विचारलं, "मालकांची तब्येत बरी हाय न्हवं?"

असो. माझा बेत साधा होता. एक कार्डशीट, एक निळा स्केचपेन, चार-पाच नागमोडी रेघा, वर ठळक अक्षरात 'पंचगंगा'. वीस मिनिटांचं काम. पण 'नदी' हा शब्द आबांच्या कानावर गेला आणि त्यांनी टीव्ही बंद केला. आबा पाटबंधारे खात्यातनं निवृत्त झालेत. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे सात, एक उघडला की १४२८ क्युसेक, हे त्यांना नातवंडांच्या वाढदिवसांपेक्षा पाठ. ते उठून आले, माझ्या कार्डशीटकडे बघितलं आणि म्हणाले, "ही नदी? हिच्यात म्हैस तरी पाय बुडवील का? पाणी पायजे. वाहतं."

झालं. वीस मिनिटांचं काम खात्याकडे वर्ग झालं.

आधी पाया. थोरल्याचा कोपरा मोडलेला कॅरमबोर्ड माळ्यावरनं काढला, उलटा टाकला. मग टाकाऊ वस्तू. टाकाऊ वस्तूंचा गुण असा की, वर्षभर त्या पायात येतात आणि नेमक्या गरजेच्या रात्री घरात एक सापडत नाही. रद्दीवाला शनिवारीच नेऊन गेलेला. शेवटी कालच आणलेली टूथपेस्ट खोक्यातनं काढून खोकं टाकाऊ केलं. धरणाची भिंत झाली. बुटांचे डबे टाकाऊ केले, डोंगर झाले, बूट कॉटखाली उघडे पडले.

मातीसाठी स्कूटर काढून भर पावसात शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गेलो. गणपतीचा सीझन जवळ आलेला, त्यामुळे गल्ली दिव्यांनी जागी. एका मांडवात बिनरंगाचे पन्नास-साठ गणपती माझ्याकडेच बघत बसलेले. कारागिराला दोन किलो शाडू मागितला.

"गणपतीला?"

"नाही हो, तिसरीला."

त्यानं मान वर न करता गोळा कापला. "आज तुमी तिसरे," म्हणाला.

आता वाहत्या पाण्याचा प्रश्न. त्यावर आबांनीच तोडगा काढला : सलाईनच्या नळ्या. त्यांना म्हणे ती छोटी चकती असते, ती फिरवली की धार कमी-जास्त होते. "हुबेहूब दरवाजा!" मेडिकलवाला शटर ओढायच्या बेतात होता. नळ्या मागितल्यावर त्यानं आधी गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "घरात कोण?" मी म्हणालो, "पंचगंगा." तो बिचारा आणखी गंभीर झाला.

त्याच्याकडे नळ्या चारच निघाल्या. मी घरी येऊन बोटं मोजली. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती. चार. पंचगंगा म्हणजे पाच. माझा घसा कोरडा पडला. पण आबांनी शांतपणे चष्मा पुसला. "पाचवी सरस्वती. ती गुप्त हाय. तिला नळी लागत न्हाई." जन्मापासून प्रयाग चिखलीच्या संगमाची गोष्ट ऐकतोय, पण तिचा असा रोख फायदा त्या रात्री पहिल्यांदा झाला.

एवढ्यात चिऊ दोनदा म्हणाली, "पप्पा, मी करतो की!" आम्ही तिला म्हणालो, "तू झाडं लाव." खराट्याच्या काड्यांना हिरवा घोटीव कागद चिकटवून तिनं तीन झाडं लावली. चौथं लावताना सोफ्यावरच झोपली, काडी हातात तशीच. डायरीतलं 'स्वतः' सव्वाअकराला असं झोपी गेलं आणि मागं राहिलो एक बँकेतला कारकून आणि एक निवृत्त पाटबंधारेवाला.

तेव्हा मला शाहू महाराज आठवले. त्यांनी १९१७ साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं आणि पोरगं शाळेत न धाडणाऱ्या पालकाला महिना एक रुपया दंड लावला. माझे पणजोबा म्हणे दंडाच्या धास्तीनं आजोबांना खांद्यावर टाकून शाळेत सोडून यायचे. मी मनातल्या मनात हिशेब केला. नळ्या, शाडू, रंग, फेविकॉल, पेट्रोल मिळून ७४० रुपये. महिना एक रुपया या दरानं, पोरीला एकसष्ट वर्षं आठ महिने घरी बसवून दंड भरला असता तरी तेवढ्यातच भागलं असतं. आबांना सांगितलं. ते म्हणाले, "थोरल्या महाराजांचं नाव घेऊन आळशीपणा करू नगंस. ती भोगावती सरळ कर."

एक वाजता चाचणी. चार बाटल्या स्टुलावर उलट्या टांगल्या, पाण्यात नीळ घातली. आबा चकत्यांपाशी बसले, मी चिखलीपाशी. "कासारी सोड!" सोडली. "कुंभी!" सोडली. चारही धारा शाडूच्या पात्रातनं वळसे घेत आल्या, चिखलीला एकमेकींना मिळाल्या आणि एक जाडसर निळी धार नृसिंहवाडीकडे निघाली. खरं सांगतो, अंगावर काटा आला. बाप-लेकानं अर्ध्या रात्री दिवाणखान्यात पंचगंगा वाहवली होती. आबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. बारावीच्या निकालालाही मारली नव्हती.

आणि मग पाय ओला लागला.

जिथं नळी नव्हती, जिथं बाटली नव्हती, जिथं मी नदी काढलीच नव्हती, तिथनं, बोर्डाच्या खालनं, निळंशार पाणी शांतपणे फरशीवर येत होतं. आबांनी वाकून बघितलं. मग त्यांनी चक्क हात जोडले.

"सरस्वती प्रकटली."

कॅरमबोर्डाला भोकं असतात, हे आम्ही दोघंही विसरलो होतो. तीन बुजवली होती, चौथं गुप्त राहिलं होतं. दारात बायको उभी. गालिच्याकडे, माझ्याकडे, आबांकडे बघून तिनं एवढंच विचारलं, "इशारा पातळी ओलांडली, का अजून वेळ आहे?" मी जुन्या चादरी घेऊन मदतकार्याला लागलो. आबा एम-सील मळत पुटपुटत होते, "दुरुस्तीला निधी न्हाई, मग असंच हुतंय." पहाटे अडीचला भोक बंद झालं.

सकाळी सहाला उठून पहिल्यांदा फोन बघितला. एवढा पाऊस, शाळेला सुट्टी पडलीच असणार. पण नाही. नदीची इशारा पातळी ३९ फूट, धोक्याची ४३, आणि आमची पंचगंगा त्या दिवशी ३८वर ठाण मांडून बसली होती. एरवी प्रोजेक्ट नसताना कशी भराभर चढते.

माझा रेनकोट प्रोजेक्टला घातला, मी भिजत रिक्षा थांबवली. रिक्षावाल्या मामांनी आरशातनं बघत विचारलं, "काय हाय ओ ते?"

"पंचगंगा."

"आत्ता तिकडनंच आलो बघा, अडतीसवर हाय," ते म्हणाले. "ही कितीवर हाय?"

शाळेच्या हॉलमध्ये टेबलांच्या रांगा. एका टेबलावर अख्खा पन्हाळा, तीन दरवाजाला बारीक दिवे, कमानीत सुबक कोरीवकाम. मागं उभ्या गृहस्थांच्या कानावर सुताराची पेन्सिल. "नदीच सांगितली होती ना?" मी विचारलं. "गडावरनं नदी दिसते की," ते म्हणाले. पलीकडे राधानगरीचं धरण, त्याचे दरवाजे रिमोटवर. बाजूला आई, तिचे डोळे माझ्यासारखेच लाल. प्रत्येक जण दुसऱ्याला सांगत होता, "आमच्या पोरानं स्वतः केलंय हां, मी फक्त बघत होतो." आणि सांगता सांगता प्रत्येक जण अंगठ्यानं तर्जनीवरची वाळलेल्या फेविकॉलची पातळ साल सोलत होता. हॉलभर नुसती सालं.

बाई आमच्या टेबलापाशी आल्या. चिऊनं चकत्या फिरवल्या, धारा सुटल्या, एक थेंबही खाली आला नाही. बाईंनी चारही नद्या नावानिशी विचारल्या, तिनं धडाधड सांगितल्या.

"आणि पंच म्हणजे पाच ना? मग पाचवी कुठाय?"

"ती गुप्त आहे," चिऊ म्हणाली. "काल रात्री आमच्या हॉलमध्ये आलती."

बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. मी ते खिशात घातले. दहापैकी आठ मिळाले. घरी आल्यावर आबांनी दोन कशाचे गेले म्हणून कपाळाला आठ्या घातल्या. "सरस्वतीचे कापले असणार," म्हणाले. माहिती अधिकारात अर्ज टाकण्यापर्यंत गोष्ट गेली. त्यांना चहा देऊन शांत केलं.

त्या रात्री मी नऊलाच आडवा झालो. चिऊ वही घेऊन उशाशी येऊन बसली, पेन्सिलीला टोक काढून, अगदी शहाण्या मुलीसारखी. उद्याचा गृहपाठ : 'मी माझा प्रकल्प कसा केला?' दहा ओळी.

तिनं वहीवर शीर्षक लिहिलं, खाली रेघ मारली, आणि माझा दंड हलवला.

"पप्पा, झोपू नका की. सांगा बघू," ती म्हणाली, "मी कसा केलो?"