फुगडी, एलईडी आणि एफ १.८

घरात एकाकडे बरा कॅमेरा आहे हे नातेवाइकांना कळलं, की त्याचे पुढचे सगळे श्रावण बुक झाले म्हणून समजा. ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका हॉलात मामेबहिणीची मंगळागौर ठरली आणि मामीने जाहीर केलं, "फोटोग्राफर कशाला? आपला हा आहे ना!"

'आपला हा', म्हणजे मी, आधी हॉल बघून आलो. काळपट लाकडी छत, मरून पडदे आणि डेकोरेटरने जीव ओतून लावलेले गुलाबी एलईडी. छत पांढरं असतं तर फ्लॅश वर वळवून उजेड अलगद खाली उतरवता येतो. इथलं छत तो गिळून ढेकरही देणार नव्हतं. थेट तोंडावर मारावा, तर नथीपेक्षा कपाळावरचा घाम जास्त चमकतो आणि संबंध बिघडतात.

माझी किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्यासोबत आलेली, ५५ एमएमला (पूर्ण झूमवर) एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफचा आकडा जितका लहान, तितकं लेन्सचं भोक मोठं. एफ १.८ ची ५० एमएम जवळजवळ दहापट उजेड घेते, म्हणून ती भाड्याने आणली. पण इतक्या उघड्या लेन्सने जवळून घेतलं की डोळा फोकसमध्ये आणि नथ पुसट. मंगळागौरीत नथ पुसट म्हणजे फोटो बाद! त्यात माझा क्रॉप सेन्सर, म्हणजे लहान आकाराचा, दृश्याच्या कडा कापणारा. ५० ची होते ७५. अख्खा झिम्मा चौकटीत बसवायला मागे सरकत सरकत मी कॉफीच्या पिंपाला टेकलो.

खरी परीक्षा फुगडीची. उडता पदर थांबवायला शटर १/५०० तरी हवा, म्हणजे सेकंदाच्या पाचशेव्या हिश्श्यापुरताच उघडणारा. पण आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात. डोळ्याला पत्ता लागत नाही. १/५०० ला लागतो, आणि फोटोभर पट्टे. १/१०० वर यावं तर एक अख्खी लुकलुक मावते आणि पट्टे जातात, सोबत बायकाही. नुसते रंग उरतात. १/५०० ला उजेडही तोकडा. म्हणून आयएसओ (सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता) ६४०० केला, तर मावशीच्या गालांवर रवा पेरल्यासारखा दाणेदार नॉइज.

शेवटी डेकोरेटरला गाठलं. "दादा, थीम आहे!" म्हणाला. पण दोन कप कॉफीनंतर गुलाबी बंद करून हॉलचे जुने हॅलोजन लावायला तयार झाला. हॅलोजनची तार सेकंदाच्या शंभराव्या हिश्श्यात गार होत नाही, त्यामुळे पट्ट्यांचा प्रश्नच मिटला. १/५०० ला फुगडी टिपली: पदर हवेत, वेणीतला गजरासुद्धा कळी न् कळी मोजावा असा.

मामीने स्क्रीन डोळ्यांजवळ नेला. "अरे, या तर नुसत्या हात धरून उभ्या आहेत! फुगडी कुठाय?" मग मागे जात जात १/१०० च्या रंगांपाशी थांबली. "हा बघ. हाच मोठा करून आण."