दोन क्रेडिटचं गाव

नव्या शैक्षणिक धोरणात पदवीच्या मुलांना कम्युनिटी एंगेजमेंट प्रोजेक्ट आला, म्हणजे गावात-वस्तीत जाऊन करायचं काम, दोन क्रेडिटचा. आणि लगेच कॉलेजबाहेर त्याचे तयार अहवालही आले. नाव बदला, स्पायरल करा, जमा करा.

तरी मी या प्रोजेक्टच्या बाजूने आहे.

मुलांना गावात नेणं नवं नाही. एनएसएस, म्हणजे राष्ट्रीय सेवा योजना, आपल्याकडे 1969 पासून, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षापासून आहे. दोन वर्षांत 240 तास, शिवाय दत्तक गावात सात दिवसांचं शिबिर. प्रभातफेरी, शोषखड्डे, वनराई बंधारा. लाजरीबुजरी पोरं त्यात बोलती होतात, हे मी पाहिलंय. पण परत आल्यावर वर्ग जिथे सोडला होता तिथूनच सुरू! गावाचा अभ्यासक्रमाशी संबंधच लावला जात नाही. माझं भांडण आहे ते एवढ्यावरच.

मी संख्याशास्त्र शिकवते. आमच्या मुलांनी एका गावात घरोघरी पाण्याची पाहणी केली. घरोघरी नळाने पाणी देण्याच्या जलजीवन मिशनचा निकष माणशी रोज 55 लिटर. पहिल्याच घरी विचारलं, किती पाणी येतं? मावशी म्हणाल्या, "चार हंडे." आता हंडा किती लिटरचा? हे प्रश्नावलीत नव्हतंच. मग लिटरच्या बाटलीने हंडा मोजला. शेजारणीचा हंडा मोठा निघाला. (प्रश्नावली त्या रात्री नव्याने लिहिली गेली.) सरासरी काढली तर गाव निकषात मस्त बसत होतं! टाकीजवळची घरं अंगण धूत होती आणि पाइपलाइनच्या शेवटच्या घरांत नळाला नुसती हवा. प्रमाण विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून किती पसरलेत ते, दरवर्षी फळ्यावर शिकवते, यंदा ते कुणाला समजवावं लागलं नाही. उलट एकीने विचारलं, "मॅडम, मग सगळे सरासरीच का सांगतात?"

आयआयटी मुंबईचं ग्रामीण तंत्रज्ञानाचं सितारा (CTARA) केंद्र विद्यार्थ्यांकडून पाणीयोजनांचा असा अभ्यास करून घेत आलंय. म्हणजे हे काही जगावेगळं नाही. साध्या कॉलेजात अडतं ते वेगळ्याच गोष्टींवर: एका शिक्षकामागे वर्गभर मुलं, एसटीचं भाडं पोरांच्या खिशातून, आणि मार्क जाडजूड अहवालाला. ज्यांना हे राबवायचंय त्यांनी आधी याची सोय लावावी.

आणि अहवाल ग्रामसभेत वाचल्याशिवाय एकही मार्क देऊ नये. आमच्या आकड्यांवर सरपंच तिथेच उखडले. मुलं दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजायला गेली. दोन घरांच्या बाबतीत सरपंच बरोबर निघाले, बाकीच्यांच्या बाबतीत मुलं.