‘बाहेर कळू देऊ नका’ सांगणाऱ्या संदेशाला उत्तर

ग्वाल्हेरच्या मराठी कुटुंबांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या एक लांबलचक संदेश फिरतोय. मला तो नात्यातल्यांनी पाठवला, गिऱ्हाइकांनीही पाठवला. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: डिप्रेशन वगैरे हे हल्लीचं खूळ आहे, आजी-आजोबांच्या काळी असलं काही नव्हतं. मन खंबीर असलं आणि नामस्मरण चालू असलं की डॉक्टर लागत नाही. त्या गोळ्यांची सवय लागते, जन्मभर सुटत नाहीत. ज्या घरात असा रोगी आहे तिथे सोयरीक करू नये, आणि आपल्याच घरात असेल तर बाहेर कळू देऊ नये. असे लोक कधी अंगावर येतील सांगता येत नाही, त्यांची जागा आरोग्यशाळेत, म्हणजे इथल्या मनोरुग्णालयात. आणि डॉक्टरकडे जावंच लागलं तर खरं नाव देऊ नका.

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात माझं औषधांचं दुकान आहे. मी डॉक्टर नाही, पण या गोळ्या घ्यायला माणसं कशी येतात ते रोज बघतो. शहराच्या मुरार भागातला माणूस लष्करात येतो आणि लष्करातला मुरारला जातो, कारण ओळखीच्या मेडिकलमध्ये ही गोळी मागायची नसते. गर्दी ओसरेपर्यंत बाजूला उभे राहतात. स्ट्रिप कागदात गुंडाळून मागतात. स्वतःची बीपीची गोळी मोठ्याने मागणारा गृहस्थ बायकोच्या औषधासाठी मोबाइलवरचा फोटो पुढे करतो, नाव तोंडाने घेत नाही. या संदेशाने अशा माणसांची भीती आणखी वाढवली आहे, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

“आजी-आजोबांच्या काळी हे नव्हतं.”

चरकसंहितेत उन्माद या मनोविकारावर निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात स्वतंत्र अध्याय आहेत. ठाण्याचं मनोरुग्णालय १९०१ सालचं. आपल्याच गावात, शिंद्यांच्या संस्थानात, १९३५ साली मानसिक आरोग्यशाळा उभी राहिली. तेव्हा रुग्णच नव्हते, तर ती कुणासाठी उभारली?

आजार होते, घराबाहेर सांगत नव्हते इतकंच. जुन्या वाड्यांत वाढलेल्या कुणालाही विचारा. बाळंतपणानंतर गप्प गप्प झाली म्हणून माहेरी धाडलेली काकू, माडीवरच्या खोलीत ज्यांचं ताट दारातून आत सरकवलं जायचं ते धाकटे आजोबा, घरातून निघून गेलेला आणि ‘संन्यास घेतला’ असं सांगितलं गेलेला एखादा भाऊ. बाळंतपणानंतरचं नैराश्य आज ओळखता येतं आणि बरंही होतं. त्या काकूंच्या वाट्याला तो उपचार आला नाही. त्यांना काही झालंच नव्हतं असं आज म्हणणं म्हणजे त्यांच्यावर पुन्हा अन्याय करणं आहे.

आजचं प्रमाणही बघा. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. त्यात महाराष्ट्र नव्हता, पण मध्य प्रदेश होता. पाहणीच्या वेळी सुमारे १०.६ टक्के प्रौढांना कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आणि आजार कोणता यावर अवलंबून, ७० ते ९२ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचलेलाच नव्हता. संदेशाला आजाराचं खूळ वाढलेलं दिसतं. मला हा दुसरा आकडा जास्त घाबरवतो.

“मन खंबीर ठेवा, नामस्मरण करा.”

ज्या गावात ढोलीबुवांच्या मठाची कीर्तनपरंपरा आहे आणि तानसेन समारोहाची सुरुवातही त्यांच्या हरिकथेने होते, तिथे नामस्मरणाविरुद्ध मी काही बोलणार नाही. जपाने, चालण्याने, चार माणसांत बसण्याने सौम्य नैराश्यात खरोखर आराम पडतो. डॉक्टरही हे सांगतात. पण ज्याला सकाळी उठून तोंड धुण्याचंही बळ राहिलेलं नाही त्याला ‘खंबीर हो’ म्हणणं म्हणजे दोष त्याच्याच पदरात टाकणं. शिवाय थायरॉइड मंदावलं किंवा बी-ट्वेल्व्ह जीवनसत्त्व कमी पडलं तरी माणूस असाच खचलेला दिसतो, म्हणून डॉक्टर आधी रक्त तपासायला सांगतात. जप कितीही केला तरी थायरॉइडचा आकडा कळत नाही.

आपल्याकडची कित्येक कुटुंबं बाधा उतरवायला राजस्थानातल्या मेहंदीपूर बालाजीला जाऊन येतात आणि मगच डॉक्टरचं दार ठोठावतात. त्यांनी जाऊ नये असं मी म्हणत नाही. गुजरातेत उनावा इथे मीरा दातारचा दर्गा आहे. तिथे ‘दवा-दुआ’ नावाच्या उपक्रमात दर्ग्याच्या आवारातच मनोविकारतज्ज्ञ बसू लागले आणि दुआ मागायला आलेल्यांना मुजावरच त्यांच्याकडे पाठवू लागले. श्रद्धा तशीच राहिली आणि औषधही सुरू झालं.

“त्या गोळ्यांचं व्यसन लागतं.”

हे माझ्या धंद्यातलं आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. संदेशाने सगळ्या गोळ्या एकाच पिशवीत भरल्या आहेत. कायदा तसं करत नाही. अल्प्राझोलॅमसारखी झोपेची आणि घबराटीची गोळी ‘शेड्यूल एच-वन’ या कडक नियमांच्या यादीत येते. २०१४ पासून तिच्या वेष्टनावर लाल चौकटीतला इशारा असतो, आणि ती विकताना मला वेगळ्या रजिस्टरमध्ये डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या लिहून ठेवावी लागते. ते रजिस्टर तीन वर्षं जपावं लागतं. का? कारण या गोळीची सवय खरंच लागते. नैराश्यावरच्या एस्सिटॅलोप्रॅम किंवा सर्ट्रालिन या गोळ्या त्या यादीत नाहीत. त्यांनाही डॉक्टरचा पर्चा, म्हणजे चिठ्ठी, लागतेच, पण त्यांची तल्लफ येत नाही आणि नशेसाठी कुणी त्या मागत नाही.

मग सवयीची समजूत आली कुठून? नैराश्यावरच्या गोळीचा गुण यायला काही आठवडे जातात. मळमळ, पोट बिघडणं मात्र पहिल्याच दिवसांत सुरू होतं, आणि बरेच लोक तिथेच गोळी सोडतात. जे टिकतात त्यांना बरं वाटू लागतं, मग ‘आता कशाला’ म्हणून ते एका दिवसात सगळं बंद करतात. तसं केलं की चक्कर येते, अंगात वीज गेल्यासारखं होतं, झोप उडते. शेजारी म्हणतात, बघा, सवय लागली. खरं कारण एवढंच की ती गोळी हळूहळू कमी करायची असते. नैराश्य पहिल्यांदाच आलेलं असेल तर बरं वाटल्यावरही साधारण सहा ते नऊ महिने गोळी चालू ठेवून मग डॉक्टर ती उतरवत नेतात. बायपोलर (मनाचे टोकाचे चढउतार) किंवा स्किझोफ्रेनिया (भास-भ्रमांचा आजार) असलेल्या काहींना औषध वर्षानुवर्षं लागतं हे खरं आहे. बीपी-शुगरचंही तसंच असतं आणि तिथे कुणी नाक मुरडत नाही.

वाईट याचं वाटतं की या संदेशाला घाबरून माणसं पर्च्यावरची गोळी घ्यायची टाळतात आणि माझ्याकडे येऊन ‘नुसती झोपेची द्या’ म्हणतात. म्हणजे जिची सवय लागत नाही ती सोडायची आणि जिची लागते ती मागायची.

“अशा घरात सोयरीक करू नका, आपल्या घरात असेल तर लपवा.”

सगळ्यांत जास्त नुकसान या मुद्द्याने होतं. आपला समाज छोटा. स्थळं फिरून फिरून ग्वाल्हेर, झाशी, इंदूर, उज्जैन, फार तर पुणे. चौकशी करणारा एक फोन लावतो आणि पत्रिकेआधी घराण्याची माहिती पोहोचते. आईबापांची भीती मला समजते. पण त्या भीतीपायी काय होतं? लग्न ठरलं की औषध बंद. “दादा, ताईचं जमलंय, आता नकोत त्या गोळ्या,” असं सांगून जाणारे भाऊ मी पाहिले आहेत. सासरी कपाटात स्ट्रिप सापडेल या धास्तीने बरी असलेली मुलगी उपचाराविना नव्या घरात जाते. नवी माणसं, अपुरी झोप, सणवार, आणि काही महिन्यांत आजार उलटतो. तेव्हा सासरचे म्हणतात, आम्हाला फसवलं. आणि ते खोटं बोलत नसतात.

कायद्याची बाजूही याला धरूनच आहे. हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये मानसिक आजाराचा उल्लेख आहे, पण नुसतं आजाराचं नाव काढून लग्न मोडता येत नाही. तो आजार कुठल्या प्रकारचा आणि किती तीव्र आहे, हे बघावं लागतं. राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या १९८८ सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की स्किझोफ्रेनियाचा शिक्का मारल्याने घटस्फोट मिळत नाही. उलट महत्त्वाची गोष्ट दडवून संमती मिळवली असेल, तर त्याच कायद्याच्या बाराव्या कलमाखाली लग्न रद्द करण्याची मागणी करता येते. म्हणजे आजारापेक्षा लपवण्यानेच लग्न जास्त धोक्यात येतं.

सोयरीक टाळणारे ‘हे रक्तातच असतं’ म्हणतात, त्याबद्दलही सांगतो. स्किझोफ्रेनिया शंभरात साधारण एकाला होतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल तर मुलांमध्ये तो धोका दहा टक्क्यांच्या आसपास जातो. धोका वाढतो हे मान्य, पण शंभरातल्या नव्वदांना तो होत नाही. मावशीला किंवा चुलत्याला असेल तर प्रमाण याहूनही कमी. एवढ्यावरून सगळ्या घराण्यावर फुली मारणं मला अन्यायाचं वाटतं.

समोरच्या घराने होकार द्यायलाच हवा असा माझा हट्ट नाही. नाही म्हणायचा त्यांना हक्क आहे. पण मुलाला-मुलीला काय आहे, कुठली गोळी चालू आहे, शेवटचा त्रास कधी झाला, हे दोघांनी एकमेकांना साखरपुड्याआधी सांगावं. मूल हवं असेल तेव्हा डॉक्टर औषध बदलून देतात, पण त्यासाठी नवऱ्याला मुळात माहीत तर असायला हवं.

“अंगावर येतात, आरोग्यशाळेतच ठेवा.”

मनोविकार असलेली बहुसंख्य माणसं कधी कुणावर हात उगारत नाहीत. मारहाण त्यांनाच जास्त सोसावी लागते. दारू किंवा नशा जोडीला असेल आणि उपचार नसेल तेव्हा धोका वाढतो, म्हणजे प्रश्न पुन्हा उपचाराशीच येऊन थांबतो. कोंडून ठेवण्याने काय होतं ते ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूत एरवाडीला दिसलं. तिथे मनोरुग्णांना ठेवलेल्या जागेला आग लागली तेव्हा साखळ्यांनी बांधलेल्या रुग्णांना पळता आलं नाही. २८ जण गेले. आज मानसिक आरोग्यसेवा कायद्याने साखळीने बांधणं बेकायदा आहे, आणि भूल दिल्याशिवाय विजेचा शॉक देण्यालाही बंदी आहे.

आपल्या आरोग्यशाळेचा जुना लौकिक चांगला नव्हता, हे मी नाकारत नाही. १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रांची, आग्रा आणि ग्वाल्हेर इथल्या मनोरुग्णालयांवर देखरेखीचं काम राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाकडे सोपवलं, ते उगाच नव्हे. पण घरातल्या पोरांना ‘आग्र्याला पाठवू’ म्हणून धमकावणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं की बहुतेक रुग्णांना भरती व्हावंच लागत नाही. ओपीडीत दाखवून संध्याकाळी घरी जेवायला येतात.

“खरं नाव देऊ नका.”

खोट्या नावाने काढलेल्या पर्च्यावर पुढचा डॉक्टर आधीचं औषध शोधू शकत नाही, आणि विम्याचा दावाही करता येत नाही. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच संरक्षण द्यावं, असं तो सांगतो. रुग्णाची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही त्याच कायद्यात आहे, आणि माझं रजिस्टर गल्लीतल्या लोकांना दाखवण्यासाठी नसतं.

डॉक्टरपर्यंत जायचं धाडस अजून होत नसेल तर १४४१६ हा टेलि-मानसचा सरकारी क्रमांक आहे. फोनला पैसे पडत नाहीत, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. आणि औषध घ्यायला याल तेव्हा स्वतःच्या नावाचा पर्चा आणा, बिल मागून घ्या आणि दोन्ही एकत्र फाइलला लावा. महिन्याची गोळी संपायच्या आठवडाभर आधी या. स्टॉकमध्ये नसली तर मागवून ठेवता येते, मध्ये खंड पडत नाही.