शत्रू दमला पाहिजे

मध्ययुगीन शहरं बांधणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर पर्यटक नव्हता, शत्रू होता. तो चुकावा, धापा टाकावा, अरुंद बोळात एकटा सापडावा, यासाठी त्यांनी जीव तोडून मेहनत घेतली. एस्टोनियाची राजधानी टालिन, तिथल्या जुन्या शहरात ही व्यवस्था आजही चोख चालू आहे. फक्त शत्रू म्हणून हल्ली गुडघे धरलेले नाशिककर येतात.

मुलगी हेलसिंकीला नोकरी करते. तिथून बोटीने दोन तासांत एस्टोनिया. "बाबा, जुनं गाव एवढंसं तर आहे, चालतच बघू," ती म्हणाली. एवढंसं आहे, पण नकाशावर. नकाशात चढ दिसत नाहीत आणि रस्त्यात बसवलेले गोटेही दिसत नाहीत. त्या गोट्यांवर पाऊल आपण टाकतो, ते कुठं वळायचं हे घोटा परस्पर ठरवतो. मी भिंत धरून चाललो होतो, तेव्हा एक स्थानिक आजी उंच टाचांच्या बुटांत टकटक करत पुढं निघून गेल्या. वर माझ्याकडे बघून हसल्याही.

टाउन हॉल 1404 सालचा. त्याच चौकात एक औषधांचं दुकान आहे, ज्याचा उल्लेख 1422 च्या कागदांत सापडतो आणि जे अजून उघडं असतं. जुन्या काळी तिथं जाळलेल्या मधमाश्या औषध म्हणून मिळत. मी गुडघ्यांसाठी मलम मागितलं. "अहो, मधमाश्याच विचारा ना," बायको म्हणाली, "तुम्हाला नैसर्गिकच लागतं सगळं."

मग टोंपेआ टेकडी. वर जायला दोन वाटा: गाड्याघोड्यांसाठी लांबचा चढ आणि पायी जाणाऱ्यांसाठी जवळचा, पायऱ्यांचा. जवळचा म्हणजे काय, हे गडकिल्ले केलेल्या माणसाला सांगायला नको. वर सरदार आणि बिशप राहत, खाली व्यापारी आणि कारागीर. दोघांचं इतकं सख्य की मधे भिंत घातलेली आणि रात्री दरवाजे बंद. एकोणिसाव्या शतकापर्यंत ही दोन वेगळी गावं होती. आमच्या सोसायटीत ए विंग आणि बी विंगमध्ये पाण्याच्या टाकीवरून इतकंही सख्य टिकणार नाही.

मला वाटलं, टेकडी झाली, आता कॉफी. पण सेंट ओलाफ चर्चचा मनोरा शिल्लक होता. उंची 124 मीटर. आपल्याला त्यातलं साधारण निम्मं चढायचं, अशी सवलत. दगडी गोल जिना, जेमतेम एका माणसाच्या रुंदीचा, धरायला दोर, आणि चढणारे-उतरणारे सगळे त्याच जिन्यात. समोरून कुणी आलं की दोघांनी भिंतीला चिकटून पोट आत घ्यायचं. माझ्या बाबतीत याला मर्यादा आहेत. एका धिप्पाड तरुणाशी माझी जेवढी जवळीक झाली, तेवढी सख्ख्या मेहुण्याशीही नाही.

सोव्हिएत काळात केजीबीने या मनोऱ्यावर रेडिओची यंत्रणा बसवली होती. म्हणजे त्यांची माणसं ही वाट नेहमी चढत असणार. त्या संस्थेबद्दल मला आयुष्यात पहिल्यांदाच सहानुभूती वाटली.

वरून लाल कौलं, तटाचे बुरूज, पलीकडे समुद्र. बायकोने चाळीसेक फोटो काढले. मी कठड्याच्या आतल्या बाजूला, आकाशाकडे पाठ करून उभा होतो.

उतरताना निम्म्या जिन्यात एक गृहस्थ भेटले. माझ्याच वयाचे, माझ्यासारखेच लालबुंद, दोर दोन्ही हातांनी धरलेला. त्यांनी खुणेनंच विचारलं, अजून किती?

सह्याद्रीतल्या प्रत्येक गडावर मला जे सांगण्यात आलं, तेच मी त्यांना इंग्रजीत सांगितलं, "हे काय, आलंच. पाच मिनिटं."