पुढे झुकलेल्या पंखांचं विमान खरंच उडालंय, राजेहो

सध्या नागपूरच्या ग्रुपांवर एक फोटो फिरून राहिला, पंख पुढच्या बाजूला झुकलेलं फायटर, खाली लिहिलंय की हे फक्त गेममधलं डिझाइन, असं विमान खरं उडूच शकत नाही. साफ चूक आहे हे. अमेरिकेचं ग्रुमन एक्स-२९ अशाच पंखांचं होतं आन ते डिसेंबर १९८४ मध्ये उडालं, त्याच्याही आधी १९४४ मध्ये जर्मनीचं युंकर्स जेयू २८७.

अडचण मात्र खरी आहे. पंख पुढे झुकला की हवेच्या जोराने त्याचं टोक वर पिळलं जाते, पिळलं की लिफ्ट (विमानाला वर उचलणारा हवेचा जोर) वाढते, लिफ्ट वाढली की अजून पिळते, स्पीड जास्त असला तर पंख तुटतेच. एक्स-२९ मध्ये कार्बन फायबरचे थर अशा तिरप्या दिशेने लावले की पंख वाकला तरी तसा पिळायचा नाही, आन विमान इतकं अनस्टेबल होतं की कॉम्प्युटर सेकंदाला ४० वेळा कंट्रोल सांभाळायचा, माणसाच्या हाताने ते जमलंच नसतं.

म्हणून इथल्या ज्या पोरापोरींना फ्युचरवाली विमानं काढायचा नाद आहे त्यांनी असे पंख बिनधास्त काढा, फक्त कॉकपिटमागे छोटे कॅनार्ड (मोठ्या पंखांच्या पुढे लावलेले लहान पंख) द्या, एक्स-२९ ला होते.