‘हुइओथेसिया’ म्हणजे दत्तकविधानच

ख्रिस्ती मंडळ्यांमध्ये एक शिकवण हल्ली मोठ्या आत्मविश्वासाने पसरवली जाते. बायबलच्या नव्या करारातील प्रेषित पौलाच्या पत्रांत ‘दत्तक’ अशा अर्थाने भाषांतरित होणारा मूळ ग्रीक शब्द ‘हुइओथेसिया’ हा आहे. या शिकवणीनुसार त्याचा अर्थ परक्याला पुत्र करून घेणे असा नसून, स्वतःचाच मुलगा वयात आल्यावर बापाने समारंभपूर्वक त्याला ‘प्रौढ पुत्र’ म्हणून स्थानापन्न करणे असा आहे. ‘टेक्नॉन’ म्हणजे अपरिपक्व लेकरू आणि ‘हुइऑस’ म्हणजे परिपक्व पुत्र, अशी जोडही तिला दिली जाते.

पहिला आधार व्युत्पत्तीचा. ‘हुइऑस’ म्हणजे पुत्र, ‘थेसिस’ म्हणजे ठेवणे, म्हणून ‘पुत्राला स्थानावर ठेवणे’ असे सांगतात. या न्यायाने ‘कुशल’ म्हणजे फक्त कुश नावाचे गवत आणणारा म्हणावा लागेल. शिवाय इथे व्युत्पत्तीही दाव्याच्या बाजूने नाही, कारण त्याच धातूपासून आलेला ‘थेटॉस’ हा शब्द ग्रीकमध्ये दत्तक मुलासाठीच रूढ होता. स्पार्टा या ग्रीक नगरराज्यात कोणाला दत्तक घ्यायचे असल्यास ते राजांच्या समक्ष घ्यावे लागे, हे सांगताना ग्रीक इतिहासकार हेरोडोटसने तोच शब्द वापरला आहे. ऱ्होड्स बेटावरच्या शिलालेखांत तर ‘अमक्याचा मुलगा, हुइओथेसियाने मात्र तमक्याचा’ असा ठरीव साचाच आढळतो. एका माणसाचे दोन बाप सांगणाऱ्या या साच्यात वयात येण्याचा अर्थ बसवताच येत नाही.

दुसरा आधार समारंभाचा. रोमन मुलगा साधारण चौदा ते सतरा या वयात प्रौढांचा झगा परिधान करी, हे खरे; पण त्या विधीला हुइओथेसिया म्हणत नसत, आणि त्याने बापाची सत्ताही संपत नसे, कारण रोमन कायद्यात ती सामान्यतः बाप जिवंत असेपर्यंत चाले. ज्यू लोकांचा, मुलगा वयात आल्याचा बार मित्झवा हा समारंभ पुढे करावा, तर आज ओळखीचे असलेले त्याचे स्वरूप मध्ययुगीन आहे. दत्तक म्हणजे दुय्यम नाते, या समजुतीतून हा सारा खटाटोप होत असावा. रोमन सम्राट ऑगस्टसने इ. स. ४ मध्ये टायबेरियसला दत्तक घेतले तेव्हा तो ४४ वर्षांचा होता, आणि सम्राट क्लॉडियसने इ. स. ५० मध्ये नीरोला घेतले तेव्हा नीरो १२ वर्षांचा. दोघेही पुढे सम्राट झाले. दत्तकाचा संबंध वारशाशी होता, प्रौढत्वाशी नव्हे. बडोद्याच्या गादीवर १८७५ मध्ये सयाजीराव कसे आले हे ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगायला नको.

‘टेक्नॉन’ आणि ‘हुइऑस’ यांतला भेद तर शुभवर्तमाने, म्हणजे येशूचे चरित्र सांगणारी नव्या करारातील पुस्तके, उघडताच कोसळतो. लूकच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात मरीयेला नुकताच झालेला बाळ ‘हुइऑस’ आहे, आणि त्याच अध्यायात बारा वर्षांच्या येशूला ती ‘टेक्नॉन’ म्हणून हाक मारते. येशूने सांगितलेल्या उधळ्या पुत्राच्या दाखल्यात शेतावरून परतलेल्या थोरल्या मुलाशीही बाप ‘टेक्नॉन’ म्हणूनच बोलतो. खुद्द पौल रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायात १४ व्या वचनात ‘हुइऑस’ आणि १६ व्या वचनात ‘टेक्नॉन’ या शब्दांची अनेकवचने त्याच विश्वासणाऱ्यांना लावतो.

दाव्यातला विचार करण्याजोगा आधार एकच, गलतीकरांस पत्राचा चौथा अध्याय. तिथे अज्ञान, म्हणजे वयात न आलेला, वारस पालकांच्या आणि कारभाऱ्यांच्या हाताखाली, बापाने ठरवलेल्या मुदतीपर्यंत राहतो, आणि पाचव्या वचनात ‘हुइओथेसिया’ येतो. तेव्हा हा शब्द सज्ञान होण्याविषयी आहे असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र तिसऱ्या वचनापासूनच चित्र पालटू लागते. वारसाची उपमा देऊन झाल्यावर पौल ‘आम्ही दास होतो’ असे म्हणतो, आणि पाचव्या वचनात हुइओथेसियाच्या अगोदर ‘खंडून सोडवणे’, म्हणजे मोल देऊन सोडवणे, या अर्थाचे क्रियापद ठेवतो. स्वतःच्या घरातल्या अज्ञान मुलाला कोणी खंडून सोडवत नाही. सातव्या वचनात ‘तू आता दास नाहीस, तर पुत्र आहेस’ असा निष्कर्ष येतो. ‘तू आता बालक नाहीस’ असे तो म्हणत नाही. प्रौढत्वाची उपमा तिथे आहे, ती मुदत भरल्याचे सांगण्यासाठी; शब्दाचा अर्थ तिने बदललेला नाही.

प्रौढत्वाविषयी बोलायचे असते तेव्हा पौल ‘टेलेइऑस’ हा वेगळाच शब्द वापरतो. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या १४ व्या अध्यायात, दुष्टपणाबाबत तान्ह्या बाळांसारखे पण समजुतीत प्रौढ व्हा असे सांगताना, त्याने तोच वापरला आहे.